दोन वर्षं हलले नाहीत म्हणून जुने बग रिपोर्ट सरसकट बंद करायचे? माझा विरोध

गंगापूररोडकर
नाशिकमधले आम्ही काही जण मराठी टायपिंगच्या एका ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) प्रकल्पावर सुट्टीच्या दिवशी काम करतो. बगच्या, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या दोषांच्या, यादीत शेकडो जुने रिपोर्ट साचलेत. दोन वर्षांत ज्यावर कोणी काही लिहिलं नाही, ते बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) लावून बंद करून टाकायचे, असा प्रस्ताव आला आहे. मतदान पुढच्या आठवड्यात आहे, म्हणून माझी बाजू इथे मांडतो.

रिपोर्ट जुना झाला म्हणून बग मरत नाही. फायरफॉक्स ब्राउझरमध्ये दुसऱ्या ॲपवर गेलं तरी टूलटिप (माउस नेला की दिसणारी माहितीची छोटी चौकट) पडद्यावर तशीच राहायची. हा बग २००२ साली नोंदवला गेला आणि दुरुस्त झाला २०२३ मध्ये. लिनक्स कर्नलमधली (या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली) ‘डर्टी काऊ’ ही सुरक्षेची त्रुटी २०१६ मध्ये बुजवली, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्या बदलाच्या नोंदीत लिहून ठेवलं की अकरा वर्षांपूर्वी आपण हीच दुरुस्ती करून पाहिली होती आणि ती मागे घ्यावी लागली होती. जुनं काय झालं होतं हे कुठेतरी लिहिलेलं असलं, तरच पुढचा माणूस त्यावरून काम करू शकतो.

मराठीचं तर आणखी वेगळं आहे. ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’ यांतला ऱ चुकीचा दिसला, तर दोष फॉन्टमध्ये असेल, अक्षरं जुळवणाऱ्या इंजिनमध्ये असेल किंवा ॲपमध्ये. ज्यांच्या हातात दुरुस्ती आहे त्यातल्या बहुतेकांना मराठी वाचता येत नाही. म्हणून असे रिपोर्ट पडून राहतात. बग खोटा होता म्हणून नव्हे.

अंबडकर
दादा, मला हे पटत नाही. मी याच प्रकल्पाचा एक मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) आहे आणि प्रस्तावाच्या बाजूने आहे. कंपनीतून आल्यावर रात्री यादी उघडली की वरची पानंच्या पानं अशी दिसतात, ज्यांना मी कधीच हात लावू शकणार नाही. त्यात कालचा गंभीर बग बुडून जातो. जे काम होणार नाही ते ‘उघडं’ ठेवणं म्हणजे लिहिणाऱ्याला खोटी आशा दाखवणं.

आणि हे मोठे प्रकल्पही करतात. फेडोरा या लिनक्स सिस्टिमच्या एका आवृत्तीला साधारण तेरा महिने आधार असतो. तो संपला की त्या आवृत्तीवरचे रिपोर्ट बंद होतात. बग नव्या आवृत्तीतही असेल तर आधीच आवृत्ती बदलून ठेवायची, मग तो उघडा राहतो. कुबरनेटीस या सर्व्हरवरची ॲप्स चालवणाऱ्या प्रकल्पात ९० दिवस हालचाल नसली की शिळं लेबल लागतं, आणखी ३० दिवसांनी कुजलेलं, आणखी ३० दिवसांनी बंद. तिथे पगारी माणसं आहेत, तरी ही पद्धत आहे. इथे आम्ही दोघं!

मेंटेनर दमला तर काय होतं ते एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात २०२४ ला सगळ्यांनी पाहिलं. एकट्याने प्रकल्प ओढणाऱ्या माणसावर ‘तुम्ही फार हळू आहात’ असा दबाव आणला गेला, मदतीच्या नावाखाली दुसऱ्याने अधिकार मिळवले आणि चोरदरवाजा घुसवला. यादीचं ओझं ही किरकोळ बाब नाही.

पिंपळगावचा बागाईतदार
मी प्रोग्रामर आहे आणि घरी द्राक्षबागही आहे. अंबडकरांना पाठिंबा. ऑक्टोबरची छाटणी न करता घड येतील अशी आशा इथला कोणताही शेतकरी धरत नाही.

गंगापूररोडकर
बरोबर, पण छाटणीआधी काडी तपासायला लॅबमध्ये कोण नेतं? तुम्हीच ना? काडीवरच्या कुठल्या डोळ्यात (कोंबात) घड आहे ते पाहून किती डोळ्यांवर कात्री लावायची ते ठरतं. बॉट नुसती तारीख बघतो. माझा विरोध बंद करण्याला नाही, न बघता बंद करण्याला आहे.

रविवार कारंजा डीटीपी
मी प्रोग्रामर नाही, माझं टायपिंग आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. एका दुसऱ्या सॉफ्टवेअरला मी रिपोर्ट दिला होता. पीडीएफमधून मराठी मजकूर कॉपी केला की काना-मात्रा इकडेतिकडे होतात, असा. पोराला शेजारी बसवून इंग्रजीत लिहून घेतलं, नमुन्याची फाइल जोडली. कोणी काही विचारलं नाही. मग ‘हालचाल नाही, सात दिवसांत बंद करतो’ असं आलं. लग्नसराई होती, मेल बघायला वेळ कुठला! बंद झाला. त्यानंतर मी कुठेही रिपोर्ट दिलेला नाही, आणि आमच्या गल्लीतल्या कुणी दिला असेल असं वाटत नाही.

पण गंगापूररोडकर दादा, तुम्हालाही सांगते. चार वर्षं उघडा ठेवून एक ओळ न लिहिणं हा काही मान नव्हे.

नाशिकरोडची टेस्टर
ताईंनी सांगितलं त्यातच खरा मुद्दा आहे. त्यांचा रिपोर्ट ताईंच्या उत्तरासाठी थांबला नव्हता, प्रकल्पाच्या उत्तरासाठी थांबला होता. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरचा तो सर्रास वापरला जाणारा बॉट, न बदलता लावला तर, ६० दिवसांनी लेबल लावतो आणि पुढच्या ७ दिवसांत बंद करतो. चेंडू कुणाच्या कोर्टात आहे हे त्याला कळत नाही. केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या प्रकल्पात हा फरक केलेला आहे. माहिती मागितली आणि लिहिणाऱ्याने दिली नाही, तरच महिनाभराने रिपोर्ट आपोआप मिटतो. हे मला रास्त वाटतं. ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढंच लिहिलेलं, ना आवृत्ती, ना फॉन्ट, ना स्क्रीनशॉट, अशा रिपोर्टवर एकदा विचारावं आणि खुशाल बंद करावं. इथे माझं मत अंबडकरांसोबत.

बाकीच्यांसाठी लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरचा मार्ग घ्या. वर्षाहून जास्त काळ शांत असलेल्या बगवर तिथे विनंती जाते की नव्या आवृत्तीत पुन्हा तपासून सांगा. याचा उपयोग किती, ते त्यांच्याच उदाहरणावरून बघा. २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून तिथे सगळ्या प्लॅटफॉर्मवर अक्षरजुळणी हार्फबझ या इंजिनकडे गेली. असा पाया बदलला की देवनागरीचे कितीतरी जुने बग एका झटक्यात मिटतात आणि काही नवे उभे राहतात. यातलं काहीही तारखेवरून कळत नाही, ते शब्द टाइप करून बघावेच लागतात.

अंबडकर
टाइप करून बघणार कोण? दर वेळी अडतं ते इथेच. ‘तपासायला हवं’ म्हणणारे पुष्कळ, तपासणारे आम्ही दोघंच.

गंगापूररोडकर
यासाठी प्रोग्रामर लागत नाही हेच तर मला सांगायचंय. मराठी वाचता येणारा, धीराने पायऱ्या लिहून ठेवणारा माणूस पुरतो. अर्ध्या तासात पाच-सहा रिपोर्ट सहज होतात. बग दिसला तर आजची आवृत्ती लिहायची, नाही दिसला तर ‘आता दिसत नाही’ लिहून बंद करायचा, तोच बग दुसरीकडे असेल तर तिकडे जोडायचा. कॉलेजातल्या पोरांना ओपन सोर्समध्ये यायचं असतं आणि सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. त्यांच्यासाठी याहून चांगलं काम नाही. आणि डीटीपीवाल्या ताईंसारखा माणूस ऱ एका नजरेत पकडेल. ते तुम्हाला-मला जमणार नाही.

रविवार कारंजा डीटीपी
दुकान सोमवारी बंद असतं. मी बसायला तयार आहे, पण इंग्रजी दुसऱ्या कुणीतरी लिहायचं.

नाशिकरोडची टेस्टर
इंग्रजी मी लिहिते.

अंबडकर
ठीक. काढून टाकलेल्या कीबोर्ड लेआउटवरचे आणि विंडोज एक्सपीवरचे रिपोर्ट मी न तपासता बंद करणार, त्यावर वाद नको. बाकीच्यांसाठी मतदान महिनाभर पुढे ढकलू. पण तपासायला बसणाऱ्यांनी या आठवड्यात इथेच खाली लिहा. अजून चार जण तरी आले नाहीत, तर माझं मत बॉटलाच.