स्वतःची गाणी लिहून गाणाऱ्याने प्रगती कशावरून जोखावी, आणि कंपनीच्या करारावर सही करावी का?

प्रश्न: गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. मी नाशिकला राहते, दिवसा शाळेत शिकवते आणि उरलेल्या वेळात स्वतः लिहिलेली, स्वतःच चाल लावलेली मराठी गाणी गिटारवर गाते. ध्वनिमुद्रण घरीच होते. रात्री गल्लीतली वर्दळ थांबली की पंखा बंद करायचा, कपड्यांनी भरलेले कपाट उघडून त्याच्यासमोर माइक लावायचा आणि पहाटे सोसायटीची पाण्याची मोटार सुरू होण्याआधी काम आटोपायचे, अशी ती पद्धत आहे. तयार झालेली गाणी एका वितरकामार्फत स्पॉटिफाय, जिओसावन, यूट्यूब म्युझिक इत्यादी ठिकाणी उपलब्ध आहेत.

माझी पहिली अडचण अशी की आपण पुढे सरकतो आहोत की जागच्या जागीच आहोत, हे मला समजेनासे झाले आहे. ऐकणाऱ्यांचा आकडा एका महिन्यात चढतो आणि पुढच्या महिन्यात उतरतो, आणि त्यातून येणाऱ्या पैशांत वितरकाची वार्षिक फीसुद्धा निघत नाही. कार्यक्रमांची बोलावणी येतात, पण ती कोजागिरी, दिवाळी पहाट किंवा मराठी भाषा गौरव दिनाची असतात आणि आयोजकांना जुनी भावगीतेच हवी असतात. मला ती गाणी मनापासून आवडतात, तरीही मध्येच एखादे स्वतःचे गाणे घेण्यापलीकडे तिथे मला वाव मिळत नाही.

दुसरी बाब तातडीची आहे. एका संगीत कंपनीला माझे एक गाणे आवडले असून त्यांनी कराराचा मसुदा पाठवला आहे. एकरकमी मोबदल्याच्या बदल्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तिन्हींवरचे सर्व हक्क जगभरासाठी, कायमस्वरूपी आणि भविष्यात निर्माण होणाऱ्या माध्यमांसहित कंपनीकडे जातील, असे त्यात म्हटले आहे. शिवाय पुढच्या तीन वर्षांत मी केलेले प्रत्येक गाणे आधी त्यांना दाखवणे बंधनकारक राहील. रक्कम माझ्या दृष्टीने लहान नाही. ज्यांनी हा मार्ग चोखाळला आहे त्यांनी कृपया मोकळेपणाने सांगावे.

उत्तर: कोथरूडकर

ताई, पहिल्या प्रश्नापुरते लिहितो, कारण कराराविषयी माझ्यापेक्षा जाणकार मंडळी इथे आहेत.

ॲपवर दिसणारा आकडा आणि आपला श्रोता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपले गाणे एखाद्या मोठ्या प्लेलिस्टमध्ये आले की आकडा फुगतो, आणि तिथून निघाले की बसतो. या चढउतारात गाण्याच्या बऱ्यावाईटाचा संबंध फार थोडा असतो. पैशांचा हिशेबही असाच आहे. एका श्रवणामागे अमुक पैसे असा ठरलेला दर स्पॉटिफायवर नसतो. महिन्याच्या एकूण जमेतून आपल्या वाट्याच्या श्रवणांच्या प्रमाणात रक्कम निघते, आणि २०२४ पासून तर मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला त्यांच्याकडून ध्वनिमुद्रणाचा मोबदलाच मिळत नाही. मराठीत, कोणत्याही चित्रपटाच्या आधाराविना गाणाऱ्या व्यक्तीने या आकड्यावरून स्वतःची लायकी ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण देतो. लोककवी वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४) सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. शब्द त्यांचे, गळाही त्यांचाच, आणि गाणी पसरली ती वस्त्यावस्त्यांमधल्या सभांतून आणि आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमांतून, माणसांच्या तोंडून. आजही गावोगावचे गायक ती गातात. स्वतः लिहून स्वतः गाण्याची परंपरा आपल्याकडे शाहिरांपासून चालत आलेली आहे आणि तिचा पाया समोर बसलेला श्रोता हाच राहिला आहे. अलीकडचे पाहायचे तर संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांनी २००३ पासून स्वतःचे शब्द आणि स्वतःच्या चाली घेऊन नाट्यगृहे भरवली. तिकीट काढून नवी मराठी गाणी ऐकायला लोक येतात, एवढे तरी त्यावरून सिद्ध झाले आहे.

म्हणून माझी सूचना अशी की दिवाळी पहाटेच्या आयोजकाकडून स्वतःच्या गाण्यांची अपेक्षा ठेवू नका. त्याला सभागृह भरायचे असते आणि त्याचे गणित त्याच्या जागी बरोबर आहे. स्वतःच्या गाण्यांसाठी वेगळी जागा तयार करा. कोणाच्या तरी दिवाणखान्यात तीसचाळीस माणसे सतरंजीवर बसतात, वाचनालयाचे छोटे सभागृह माफक भाड्यात मिळते, आणि ध्वनिक्षेपकाशिवायही गिटार आणि आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोहोचतो. अशा बैठकीत दारापाशी वही ठेवून नाव आणि फोन नंबर लिहून घेत चला. पुढच्या बैठकीला त्या वहीतले किती जण स्वतःहून परत आले, त्यांनी सोबत कोणाला आणले आणि कोणी एखाद्या गाण्याची पहिली ओळ सांगून फर्माईश केली का, यावरून प्रगती कळते. आणखी एक खूण लिहिणाऱ्यालाच दिसते: पूर्वी जे कडवे आपण सहज ठेवले असते ते आज खटकू लागले, तर हात सुधारतो आहे असे समजावे.

नोकरी मात्र सोडू नका. महिनाअखेरची चिंता नसलेला माणूस गाण्याला हवा तेवढा वेळ देऊ शकतो, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर: कलम_एकोणीस

मी प्रताधिकाराच्या, म्हणजे कॉपीराइटच्या, प्रकरणांत काम करतो, तेव्हा मसुद्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. सही करण्यापूर्वी मूळ कागद एखाद्या वकिलाला अवश्य दाखवा.

गाण्यात तीन निरनिराळ्या मालमत्ता असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. त्याखेरीज गायिका म्हणून आपला सादरकर्तीचा हक्क चौथा. आपल्या बाबतीत हे सर्व आज एकाच व्यक्तीच्या हाती आहे आणि आपली खरी ताकद तीच आहे. वितरक जे पैसे पाठवतो ते केवळ ध्वनिमुद्रणाचे असतात. शब्द आणि चाल यांची रॉयल्टी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, गोळा करते. १९६९ साली स्थापन झालेली ही संस्था मुंबईत आहे. आपण तिच्या सदस्य नसाल तर आपले पैसे आपल्यापर्यंत येण्याचा तो मार्ग बंद आहे. सदस्य झाल्यावर प्रत्येक गाण्याची नोंद करा आणि गीतकार व संगीतकार हे दोन्ही वाटे आपल्या नावे लागले आहेत ना, हे डोळ्यांनी तपासा. गायकांच्या हक्कांसाठी इस्रा ही संस्था होती, तीच आता इसम्रा या नावाने काम करते.

आता मसुदा. प्रताधिकार कायदा १९५७ चा असला तरी २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना मोठे संरक्षण दिले. कलम १८ नुसार, चित्रपटात नसलेल्या गाण्याच्या कोणत्याही वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत शब्द आणि चालीच्या निर्मात्याचा कंपनीइतकाच समान वाटा असतो. हा वाटा वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो, पण कंपनीच्या नावे सोडून देता येत नाही. तसे लिहून दिले तरी ते कलम रद्दबातल ठरते. भविष्यातील माध्यमांचेही असेच आहे. करार करतेवेळी जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नाही, त्याचा स्पष्ट उल्लेख केल्याशिवाय त्यावरचा हक्क हस्तांतरित होत नाही, त्यामुळे "सर्व भावी माध्यमे" असे मोघम वाक्य कंपनीला वाटते तितके भक्कम नाही.

कलम १९ प्रत्येक गीतकाराने एकदा तरी वाचावे. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच हक्क गेला असे मानले जाते, आणि कंपनीने हक्क घेऊन एक वर्ष काहीच केले नाही तर, करारात वेगळे म्हटलेले नसल्यास, तो हक्क आपोआप संपतो. पण आपल्या मसुद्यात मुदत "कायमस्वरूपी" आणि प्रदेश "जगभर" असे स्पष्ट लिहिले आहे, म्हणजे पहिल्या दोन तरतुदींचा आधार आपल्याला मिळणार नाही. एक वर्षाची तरतूद बाजूला सारणारे वाक्य त्यात कुठे दडलेले आहे का, ते शोधा.

मला सर्वांत घातक वाटते ती तीन वर्षांची अट. एका गाण्याच्या मोबदल्यात पुढची सगळी गाणी अडकतात, आणि कंपनीने नुसते "विचार करतो" म्हणून महिनोन्महिने उत्तर दिले नाही तर आपण ती प्रसिद्धही करू शकत नाही. हे कलम काढल्याशिवाय सही करू नये.

उत्तर: रेकॉर्डिस्ट_ठाणे

माझे थोडक्यात. प्रत्येक गाण्याची मूळ फाइल, म्हणजे गळा, गिटार आणि इतर वाद्ये वेगवेगळ्या ट्रॅकवर असलेली २४ बिट वेव्ह, दोन स्वतंत्र हार्ड डिस्कवर ठेवा. उद्या कोणी मालिकेसाठी किंवा जाहिरातीसाठी केवळ वाद्यांचा भाग मागितला, तर एमपीथ्रीतून तो काढून देता येत नाही. आयएसआरसी, म्हणजे प्रत्येक ध्वनिमुद्रणाला मिळणाऱ्या स्वतंत्र ओळख क्रमांकांची वही स्वतःकडे असू द्या. वितरक बदलताना तोच क्रमांक पुन्हा दिला नाही, तर जुने आकडे नव्या नोंदीशी जुळत नाहीत. विकत घेतलेले लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे तयार तुकडे) किंवा तयार ताल वापरले असतील तर यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे दुसऱ्यांच्या व्हिडिओंत आपला आवाज आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, ते गाणे घालू नये, कारण तोच लूप वापरणाऱ्या दुसऱ्या कलाकारांवर नाहक दावे लागतात. आणि प्लेलिस्टसाठी गाणी निवडणाऱ्या स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे पाठवायचे असेल तर प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी पाठवावे लागते. घाईने आदल्या दिवशी गाणे चढवणारे ही संधी गमावतात.

उत्तर: मांडवीपार (गोवा)

कंपनीशिवाय काही होत नाही, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी आमच्याकडचे उदाहरण नोंदवतो. गोव्याचे गायक-संगीतकार रेमो फर्नांडिस यांनी १९८४ साली शिवोलीतल्या घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर, सगळी वाद्ये स्वतः वाजवून एक कॅसेट तयार केली आणि स्कूटरवरून गोव्यातल्या दुकानांत स्वतः नेऊन पोहोचवली. हिंदी चित्रपटांचे दरवाजे त्यानंतर उघडले. यातून माझ्या मते घ्यायचे ते एवढेच, की ते कंपन्यांशी बोलायला बसले तेव्हा त्यांच्यामागे आधीच स्वतःचा श्रोता होता, आणि त्यामुळे बोलण्याला वजन आले. गोदाकाठताईंनी कोथरूडकरांची वही आधी भरावी आणि कंपनीला वेळ मागून घ्यावा. गाणे चांगले असेल तर ते सहा महिन्यांनीही चांगलेच असेल.

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. मी कंपनीशी बोलले. तीन वर्षांची अट काढायला ते तयार दिसतात, पण हक्क पूर्ण मिळाल्याशिवाय प्रसिद्धीवर खर्च करणे परवडत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. मी काय मागावे? शिवाय एक उपप्रश्न: बैठकीसाठी मी बालकवी, मर्ढेकर आणि कुसुमाग्रज यांच्या एकेका कवितेला चाल लावली आहे. त्या ध्वनिमुद्रित करून वितरकाकडे देता येतील का?

उत्तर: कलम_एकोणीस

उपप्रश्न आधी घेतो. कवीच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कवितेवरचा हक्क त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. बालकवी १९१८ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या कविता केव्हाच मुक्त झाल्या आहेत. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले; त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता २०१७ च्या प्रारंभापासून सर्वांसाठी खुल्या आहेत. कुसुमाग्रजांचे निधन १९९९ चे असल्यामुळे २०५९ अखेरपर्यंत हक्कधारकांची लेखी परवानगी लागेल, आणि ती ध्वनिमुद्रणापूर्वीच घ्यावी. मुक्त झालेल्या कवितेला आपण लावलेली चाल मात्र आपलीच राहते, तेव्हा तिची आयपीआरएसमध्ये नोंद करताना आपला संगीतकाराचा वाटा विसरू नका.

आता कंपनी. हक्क हस्तांतरित करण्याऐवजी ठरावीक मुदतीचा अनन्य परवाना द्या. ध्वनिमुद्रणासाठी पाच वर्षे म्हणा. त्या काळात दुसऱ्या कोणाला तो देणार नाही, असे बंधन स्वतःवर घ्या, म्हणजे त्यांच्या खर्चाला संरक्षण मिळते. मुदत संपल्यावर ध्वनिमुद्रण आपल्याकडे परत येईल, हे शब्दांत लिहून घ्या. शब्द आणि चाल यांचे हक्क या कागदात आणूच नका, ते आपल्याकडे आणि आयपीआरएसमार्फत राहू द्यात. कंपनी सहा महिन्यांत गाणे प्रसिद्ध करील, अन्यथा परवाना रद्द होईल, आणि प्रत्येक जागी गीत, संगीत व स्वर म्हणून आपले नाव दिले जाईल, ही दोन वाक्येही घाला. एकरकमी मोबदला यामुळे कमी होईल, कदाचित निम्म्यावर येईल. तरीही मी माझ्या अशिलाला हाच मार्ग सुचवतो. कंपनीने तोंडी होकार दिला तर सुधारित मसुदा ईमेलने मागवा आणि तो हाती येईपर्यंत मूळ ट्रॅकच्या फाइल त्यांच्याकडे पाठवू नका.