रिपोर्टमध्ये हर्निया आला म्हणजे ऑपरेशन ठरलंच का?

सोनोग्राफीत हर्निया (पोटाच्या भिंतीतल्या फटीतून आतडं किंवा चरबी बाहेर येणं) दिसला की ऑपरेशन ठरलंच, असं म्हटलं जातं. इतकं सरळ नाही ते. उभं राहिल्यावर जांघेत फुगवटा येतो, आडवं झाल्यावर जातो, हे हाताला लागत असेल तर बहुतेकदा सोनोग्राफीची गरजच नसते. उलट फुगवटा नाही, फक्त दुखतंय आणि रिपोर्टात 'छोटा हर्निया' आलाय, तिथे फार जपून! वीर्यनलिकेभोवतीची चरबीची गाठही पडद्यावर हर्नियासारखीच सरकते. दुखणं स्नायूचं किंवा खुब्याचं असेल तर ऑपरेशन करून फटीवर जाळी बसवूनही ते राहतं.

तपासणी जोर करायला लावून, शक्यतो उभं करून झाली होती का, हेही विचारा. नुसतं झोपवून केलेल्या 'नॉर्मल'वर विसंबू नका.

सीटी स्कॅनचा खरा उपयोग जुन्या ऑपरेशनच्या टाक्यांतून आलेल्या मोठ्या हर्नियात. आडव्या छेदात फटीची रुंदी मोजायची, मग दोन्हीकडच्या रेक्टस स्नायूंची (पोटाच्या मध्यरेषेलगतचे उभे स्नायू). समजा फट 8 सेंमी आणि स्नायू 7 अधिक 7, म्हणजे 14; फटीच्या दुपटीपेक्षा कमी. अशा वेळी नुसत्या रेक्टसमागे जाळी बसवून केलेल्या दुरुस्तीने फटीच्या कडा जुळणं अवघड, पोटाच्या बाजूच्या स्नायूंचे थरही एकमेकांपासून सोडवावे लागतील हे धरूनच तयारी करावी. बाहेर आलेल्या आतड्यांची पिशवी पोटाच्या पोकळीच्या पाव भागाहून मोठी असेल, तर आतडी एकदम आत ढकलल्यावर दाब वाढून श्वास आणि मूत्रपिंडं अडचणीत येतात. म्हणून काही ठिकाणी चारेक आठवडे आधी बाजूच्या स्नायूंत ते सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन देतात.

फुगवटा कडक, दुखरा, आत न जाणारा आणि सोबत उलट्या असतील तर स्कॅनच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट इमर्जन्सी गाठा.