अमेरिकेच्या संसदेत भारतासाठी संरक्षण सहकार्याचा कायदा पुन्हा यावा का?

गोदाकाठ
२०२४च्या जुलैत मार्को रुबिओ यांनी अमेरिकी सिनेटमध्ये एक विधेयक मांडलं होतं. संरक्षण तंत्रज्ञान देताना भारताला जपान, इस्रायल, दक्षिण कोरिया आणि नाटो देशांच्या रांगेत बसवा, आणि रशियन शस्त्रं घेतली म्हणून काट्सा कायद्याखाली लागणाऱ्या निर्बंधांतून मर्यादित सूट द्या, असा त्याचा गाभा. जानेवारी २०२५मध्ये त्या काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, मुदत संपली आणि विधेयकही बारगळलं. ते परत यावं आणि दिल्लीने त्यासाठी जोर लावावा, असं माझं ठाम मत आहे.

घोषणा आपण भरपूर ऐकल्या. २०१२चा डीटीटीआय हा संरक्षण तंत्रज्ञान आणि व्यापाराचा भारत-अमेरिका उपक्रम आज कुणाला आठवतो? २०२३चा आयसेट हा नव्या तंत्रज्ञानातल्या सहकार्याचा उपक्रम दोन वर्षांत नाव बदलून 'ट्रस्ट' झाला. ऑक्टोबर २०२५मध्ये क्वालालंपूरला दहा वर्षांच्या संरक्षण सहकार्याच्या आराखड्यावर सह्या झाल्या. हे सगळं सरकार-सरकारांतलं. तिकडे माणूस बदलला की पाटी बदलते. टिकलं ते कायद्यात लिहिलेलं. 'प्रमुख संरक्षण भागीदार' हा भारताचा दर्जा डिसेंबर २०१६च्या त्यांच्या संरक्षण कायद्यात गेला म्हणून तो आजही आहे.

पण त्यांच्या शस्त्रनिर्यात कायद्यात आपण अजून बाहेरच्या बाकावर आहोत. मोठी विक्री करायची तर काँग्रेसला आधी कळवावं लागतं. नाटो देश, जपान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया, इस्रायल आणि न्यूझीलंड यांच्यासाठी ती मुदत १५ दिवस, आपल्यासाठी ३०. किती रकमेपुढे कळवायचं ती मर्यादाही आपल्यासाठी खालची. हे कुणाच्या मैत्रीने बदलत नाही, कलम बदलावं लागतं.

ओझरकर
माझा पूर्ण विरोध. नाशिकजवळ ओझरला एचएएल या सरकारी विमान कंपनीच्या कारखान्यात ३४ वर्षं काढली, मिग पाहिलं, सुखोई पाहिलं, म्हणून बोलतो.

कायदा टिकतो म्हणता ना? १९९८ला पोखरणनंतर आपल्यावर जे निर्बंध आले तेही कायद्यानेच आले. अणुचाचणी करणाऱ्या देशावर निर्बंध लावणारी त्यांची ग्लेन दुरुस्ती १९९४पासून लिहून तयार होती. तेव्हा तेजस या आपल्या लढाऊ विमानाच्या उड्डाण-नियंत्रण प्रणालीवर आपले लोक न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टनला लॉकहीड मार्टिनबरोबर काम करत होते. त्यांना परत पाठवलं, केलेलं काम आणि सामान तिकडेच राहिलं. कायदा त्यांचा, संसद त्यांची. उद्या हीच सवलत एका ओळीच्या दुरुस्तीने काढून घेतील आणि आपल्याला विचारणारसुद्धा नाहीत.

१७ ऑक्टोबर २०२५ला नाशिकच्या लाइनवरचं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. मी शेजारच्या द्राक्षबागेच्या बांधावर उभा होतो. छाटणीचे दिवस, बागेतली माणसं कात्री हातात धरून वर बघत उभी. मला भरून आलं. पण त्या विमानाच्या पोटात इंजिन कुणाचं? २०२१ला ९९ इंजिनांची ऑर्डर दिली, पहिलं इंजिन मिळालं मार्च २०२५मध्ये. सांगाडे तयार आणि इंजिनाची वाट बघायची, हे काम करणाऱ्या माणसाला किती लागतं ते बाहेरून कळत नाही.

गोदाकाठ
काका, १९९८चं दुखणं खरंच आहे. पण तेजसच्या एफ-४०४ या अमेरिकी इंजिनाचा उशीर कायद्याने झाला नाही. त्या इंजिनाची लाइन पाच वर्षं बंद होती, ती पुन्हा उभी करायला आणि पुरवठादार जमवायला वेळ गेला. दोन्ही गोष्टी एका पोत्यात घालू नका. आणि तेजसचं पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१ला झालं, निर्बंध चालू असताना. तेही अमेरिकीच इंजिनावर.

ओझरकर
इंजिन अमेरिकी होतं, नियंत्रणाचं सॉफ्टवेअर मात्र आपल्या पोरांनी इथे बसून पुरं केलं. तुम्ही नाशिकचे, पुण्याचं उदाहरण सांगतो. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने हवा तो क्रे महासंगणक दिला नाही. १९८८ला पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था निघाली, १९९१ला परम ८००० हा आपला महासंगणक उभा राहिला. नकार मिळाला तेव्हाच आपण चाललो.

भोसरी_सीएनसी
काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण नकार पचवायला सरकारी पगार लागतो. माझा छोटा कारखाना आहे, धातूचे अवघड भाग कापणारं पाच-अक्षी मशिन कर्जावर घेतलंय. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाने विमानाच्या ब्रॅकेटसाठी विचारणा केली. दर ठरला, नमुन्याचं ॲल्युमिनियम आणून ठेवलं. ड्रॉइंग आलं सात महिन्यांनी, कारण ते मला पाठवायलाच त्यांना निर्यात परवाना लागत होता. तोवर दोन ऑपरेटर सोडून गेले. हातातली कला होती त्यांच्या, मला थांबवता आली नाहीत. हप्ता मात्र दर महिन्याला गेला. ब्रॅकेट म्हणजे काही अणुबॉम्ब नव्हे. कायद्याने हे सात महिने दोनवर येणार असतील तर मला तो हवाय.

मुक्ता_टेक्सास
भोसरीवाले दादा, तुमचं वाचून वाईट वाटलं, म्हणूनच स्पष्ट सांगते. ते १५ दिवस आणि ३० दिवस काँग्रेसला कळवण्याचे आहेत, मोठ्या सौद्यांसाठी. तुमचं ब्रॅकेट अडलं ते परवान्याच्या टेबलावर. रांग बदलली म्हणून ते टेबल आपोआप हलत नाही.

मी इथे विमानाचे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. ग्रीन कार्ड मिळेपर्यंत माझ्या ओळखपत्राचा रंग वेगळा होता. संरक्षणाचं काम चालायचं त्या दालनात मला प्रवेश नव्हता. मीटिंगमध्ये एखादं ड्रॉइंग पडद्यावर यायचं असेल तर आधी मला बाहेर जायला सांगत. काचेपलीकडे सहकारी दिसायचे. अपमान करायचा कुणाचा हेतू नव्हता, नियमच तसा आहे. नागरिक किंवा कायम रहिवासी नसलेल्या माणसाला ते ड्रॉइंग दाखवणं म्हणजे इथल्या कायद्याने निर्यातच.

म्हणून 'तंत्रज्ञान हस्तांतरण' या शब्दाला भुलू नका, परवान्यासोबतचं अटींचं पान वाचा. २०२३ला एफ-४१४ या अमेरिकी जेट इंजिनाचा करार ठरला तेव्हा ८० टक्के तंत्रज्ञान मिळेल असं एचएएलकडून सांगितलं गेलं. माझ्या मते खरी लढाई उरलेल्या २० टक्क्यांत असते. टर्बाइनचं पातं एकाच स्फटिकातून कसं ओतायचं, त्यावर लेप कसा चढवायचा, हे कुणी सहजी देत नाही. मित्रालासुद्धा. कायदा मागायचाच असेल तर त्यात परवान्याच्या निर्णयाला मुदत घाला असं मागा.

सह्याद्री७२
सूट मागणंच मला चुकीचं वाटतं. २०१८ला आपण रशियाच्या एस-४०० हवाई संरक्षण प्रणालीचा करार केला, काट्साची भीती तेव्हापासून घालतायत. जुलै २०२२ला अमेरिकी खासदार रो खन्ना यांची भारताला काट्सातून सूट मागणारी दुरुस्ती प्रतिनिधीगृहात मंजूर झाली, शेवटच्या कायद्यात आलीच नाही. तरी एस-४००साठी आपल्यावर काट्सा लावला का? नाही. मग अर्ज कशाला करायचा? सूट मागितली की शिक्षा करायचा त्यांचा हक्क मान्य केल्यासारखं होतं. आणि ज्यांनी २०२४ला विधेयक मांडलं तेच २०२५ला परराष्ट्रमंत्री होते, तरी ऑगस्टमध्ये रशियन तेलावरून आयातशुल्क ५० टक्क्यांवर गेलंच.

गोदाकाठ
सह्याद्री, आयातशुल्काचा मुद्दा मला टोचतो, नाकारत नाही. पण तो अध्यक्षांचा हुकूम होता, आणि नेमकं त्यासाठीच मी कायदा म्हणतोय. डोक्यावर टांगलेली तलवार पडली नाही म्हणून ती नाहीच असं धरून २५ वर्षं वापरायच्या विमानाची आखणी करता येत नाही.

मुक्ताताई, परवान्याच्या मुदतीचा मुद्दा पटला. मी वरच्या बाकाच्याच मागे लागलो होतो, ते कमी पडतं.

ओझरकर
मुक्ताने लिहिलेलं दोनदा वाचलं. काचेपलीकडची गोष्ट मला नवी नाही, आमच्याकडे रशियन कागदांतही काही पानं कायम कोरी यायची.

विरोध सोडत नाही. पण कायदा आणायचाच असेल तर माझं एक कलम घाला: एकदा करार झालेल्या विमानाचे सुटे भाग आणि दुरुस्ती, पुढे कोणतेही निर्बंध आले तरी, विमान निवृत्त होईपर्यंत थांबणार नाही. अमेरिकी खासदार त्याला मत देतील असं मला वाटत नाही. मागून तर बघा. काय उत्तर येतं त्यावरून आपण कुठल्या रांगेत आहोत ते कळेल.

आणि भोसरीवाले, ते सोडून गेलेले दोघे अजून कामाच्या शोधात असतील तर मला निरोप पाठवा. नाशिकला पाच-अक्षीवर हात बसलेली माणसं शोधणारे दोन-तीन जण माझ्या ओळखीचे आहेत.