नोकरी सांभाळून चित्रकलेत व्यावसायिक कारकीर्द उभी करता येते का?

प्रश्न
नमस्कार. मी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले आहे आणि सध्या कलेशी संबंध नसलेल्या कार्यालयात पूर्णवेळ नोकरी करते. पुस्तकांच्या मुखपृष्ठांची आणि आतील चित्रांची कामे अधूनमधून मिळतात, सामूहिक प्रदर्शनांतही चित्रे लागली आहेत. परंतु मोबदला किती मागावा हे मला ठरवता येत नाही आणि समोरचे जे देतील ते घेतले जाते. नोकरी सोडल्याशिवाय कोणी व्यावसायिक चित्रकार मानत नाही, असे काही ज्येष्ठ सांगतात. याबाबत अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
ज्येष्ठांचे ते म्हणणे मला मान्य नाही. चार्ल्स आइव्ह्ज विमा व्यवसायात राहून संगीतरचना करत होते आणि १९४७ साली त्यांना संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. संगीतकार फिलिप ग्लास यांचा ऑपेरा १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये सादर झाला, त्यानंतरही काही काळ ते टॅक्सी चालवत होते. नोकरी आहे की नाही यापेक्षा ती संपल्यावर हातात ताजेतवाने तास उरतात की नाही, हे पाहावे. ते उरत नसतील, तर कमी पगाराची पण कमी थकवणारी नोकरी शोधणे अधिक शहाणपणाचे आहे.

प्रतिसाद २
मोबदल्याचा गोंधळ बहुधा यामुळे होतो की आपण किंमत चित्राची सांगतो, पण प्रत्यक्षात देत असतो तो चित्र वापरण्याचा हक्क. घर भाड्याने देणे आणि विकणे यांत जो फरक आहे, तोच येथेही आहे. प्रकाशकाला एका भाषेतील एका आवृत्तीचे मुखपृष्ठ हवे असेल, तर परवानगी तेवढ्यापुरतीच द्यावी. अनुवाद, ई-पुस्तक, जाहिरात, दिनदर्शिका हे वेगळे वापर आहेत, त्यांचा मोबदलाही वेगळा ठरवावा आणि मूळ चित्र आपल्याकडेच राहील हे स्पष्ट लिहून घ्यावे. म्हणून आकडा सांगण्यापूर्वी चित्र कुठे, किती प्रतींत आणि किती काळ वापरले जाणार, हे विचारावे. त्यानंतर हस्तलिखित वाचण्यापासून कच्च्या रेखाटनांपर्यंत लागणारे सगळे तास मोजावेत, कारण नवखे चित्रकार फक्त रंगकामाचे तास धरतात आणि तिथेच तोटा होतो. काही रक्कम आगाऊ घ्यावी, दुरुस्त्यांच्या फेऱ्या मोजून द्याव्यात आणि काम मध्येच रद्द झाले तर किती पैसे मिळतील तेही आधीच ठरवावे.

‘सर्व हक्क कायमचे’ असे कलम दिसले, तर सही करण्याआधी थांबावे. स्वामित्वहक्काविषयीच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारात १९०८ साली झालेल्या दुरुस्तीपासून सदस्य देशांत स्वामित्वहक्कासाठी नोंदणीची अट घालता येत नाही, म्हणजे चित्र पूर्ण होताच नोंदणीशिवायही हक्क निर्माण होतो. मात्र भारतात मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा हक्क, वेगळे ठरले नसेल तर, काम देणाऱ्याचा ठरू शकतो, म्हणून तो आपल्याकडे राहील असे लिहून घ्यावे. तो स्वतःच्या सहीने देऊन टाकल्यावर परत मिळवणे मात्र फार अवघड असते.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. पण बहुतेक प्रकाशक परिचयाचे आहेत. करारपत्र मागितले, तर अविश्वास दाखवल्यासारखे होईल अशी भीती वाटते.

प्रतिसाद २
परिचय असेल तेथे तर लेखी नोंद अधिक गरजेची आहे, कारण वाद झाला की काम आणि संबंध दोन्ही जातात. औपचारिक करारपत्र जड वाटत असेल, तर बोलणे झाल्यावर ‘आपले असे ठरले आहे’ म्हणून वापर, मुदत आणि रक्कम लिहिलेला ईमेल पाठवावा आणि होकार आल्यावरच काम सुरू करावे.

प्रतिसाद ३
प्रदर्शनांविषयी थोडे सांगतो. अनेक कलादालने विक्रीच्या निम्म्यापर्यंत कमिशन घेतात, त्यामुळे काही चित्रकार घरून तेच चित्र स्वस्तात देतात. असे अजिबात करू नये. दालनाचा विश्वास जातो आणि ज्याने पूर्ण किंमत मोजली त्या ग्राहकावर अन्याय होतो. विक्री करणे कलावंताला शोभत नाही ही समजूतही मनातून काढावी. जर्मन चित्रकार ड्यूररची मुद्राचित्रे (ठशांवरून छापलेली चित्रे) त्याची पत्नी ॲग्नेस जत्रांमध्ये नेऊन विकत असे, त्याने त्या चित्रांची थोरवी कमी झाली नाही.

प्रत्येक चित्राची नोंदवही आजपासून ठेवावी: आकार, माध्यम, वर्ष, छायाचित्र, कोणाला दिले, किती रकमेला आणि कोणत्या अटींवर. फ्रान्समध्ये १९२० पासून चित्राच्या पुनर्विक्रीतही कलावंताला वाटा मिळण्याची तरतूद आहे आणि पुढे इतर अनेक देशांनी ती स्वीकारली. पण चित्र कोणाकडे गेले हेच माहीत नसेल, तर असा हक्क मागणार कसा? दालनात चित्रे ठेवताना याच नोंदींवरून यादी करावी आणि पोच म्हणून तिच्यावर दालनाची सही घ्यावी.