बी विंगचा वास, चीज आणि तुंबलेली लाईन

चौधरी काका (बी-२०३): नमस्कार. जिन्यात परत तो वास सुरू झाला आहे. मागच्या मीटिंगला विषय काढला होता तेव्हा बघतो बघतो म्हणाले, कोणी बघितलं नाही. पाहुणे विचारतात इथं काय मेलंय का. ज्यांचं आहे त्यांना माहिती आहे, मी नाव घेत नाही.

भावसार (ए-३०४): काका नाव नाही घेतलं तरी तिसऱ्या मजल्यावर राहतात दोघंच भो 😂

बऱ्हाटे काकू (बी-३०१): त्यातला एक फ्लॅट आमचा. आमच्याकडे काल फक्त भरीत झालं.

महाजन (ए-१०१): बी विंगच्या डक्टमधली किचनची लाईन तुंबली आहे. प्लंबर बोलवा. आधी पण टाकलं होतं.

पाटील वहिनी (बी-३०२): चौधरी काका, नाव घ्या ना, मी ग्रुप वाचते. चीज माझंच आहे आणि मी काही लपून करत नाही. पण हा वास चीजचा नाही. माझ्याकडे सध्या गौडासारखं घट्ट चीज आहे, वरून मेण लावून बंद केलेलं. वास मारणारं चीज वेगळं, त्याची साल मिठाच्या पाण्याने पुसत राहतात आणि त्यावर एक बॅक्टेरिया वाढतो, तो माणसाच्या पायाच्या वासातला जो असतो त्याच घराण्यातला. ते मी कधी करायला घेतलं नाही कारण आपल्याला शेजारी आहेत हे मला कळतं.

भावसार: म्हणजे आमच्या पोराच्या पायमोज्यात पण चीज लागेल

सोनवणे सेक्रेटरी: भावसार भाऊ प्लीज. विषयावर राहा 🙏

चौधरी काका: मग तो दुसरा फ्रिज पॅसेजमध्ये कशाला? पॅसेज सगळ्यांचा आहे.

पाटील वहिनी: फ्रिज दाराच्या आत आहे काका, दार उघडं असलं की तुम्हाला दिसतो. आणि हौस म्हणून नाही घेतला. स्वयंपाकाच्या फ्रिजमध्ये ४ डिग्री असतं, त्यात चीज पिकतच नाही म्हटलं तरी चालेल, आणि बाहेर ठेवायचं तर आपल्याकडे मे महिन्यात ४५. त्याला १० ते १३ डिग्री लागतात आणि ओलावा ८०-८५ टक्के, नाहीतर साल तडकते. म्हणून जुना फ्रिज घेऊन त्याला कंट्रोलर लावला. बिल माझ्या मीटरवर येतं.

वाणी आबा (ए-२०१): मला वासाचं काही नाही. मी माळकरी माणूस. नातू म्हणतो चीज वासराच्या पोटातल्या कशानेतरी करतात. हळदीकुंकवाला तुम्ही वाटलं ते मी पण खाल्लं. खरं काय ते सांगा.

पाटील वहिनी: आबा, नातू खरं बोलतो. जुन्या पद्धतीचं रेनेट दूध पिणाऱ्या वासराच्या पोटातूनच काढतात, त्यातल्या कायमोसिन नावाच्या एन्झाइमने दूध बांधलं जातं. पण मी वापरते ते बुरशीपासून केलेलं, बाटलीवर हिरवा ठिपका आहे. संध्याकाळी बाटली घेऊन येते, चष्मा लावून बघा. तुमची माळ मला माहिती आहे, तसं असतं तर तुमच्या ताटात वाढलंच नसतं.

वाणी आबा: बरं. या. चहा घेऊनच जा.

भावसार: पण वहिनी पनीरच ना हे शेवटी, नुसतं महाग

पाटील वहिनी: नाही भाऊ. पनीरला दूध गरम करून लिंबू टाकून फाडतात. चीजला ३२ डिग्रीच्या आसपास रेनेट टाकायचं आणि पाऊण तास भांडं हलवायचंसुद्धा नाही. सुरी घातली की चीर सरळ पडली पाहिजे, तोपर्यंत पुढे जायचं नाही. मग कापायचं, हळूहळू ढवळायचं, दाबायचं, मीठ, आणि पुढे काही महिने थांबायचं. १० लिटर गाईच्या दुधाचं साधारण एक किलो होतं.

चौधरी काका: म्हणजे उरलेलं ९ लिटर पाणी सिंकमध्ये! सापडलं की नाही वासाचं मूळ?

महाजन: परत टाकतो. बी विंगच्या डक्टमधली किचनची लाईन तुंबली आहे. प्लंबर बोलवा.

पाटील वहिनी: एक तांब्यासुद्धा सिंकमध्ये जात नाही काका. दूधवाले दादा सकाळी कॅन भरून म्हशींसाठी नेतात, वॉचमनला विचारा.

बऱ्हाटे काकू: आणि थोडं मी घेते. कळण्याच्या भाकरीचं पीठ त्यात मळलं की भाकर मऊ राहते. उगाच कोणावर आळ घेऊ नये.

चौधरी काका: तुम्ही त्यांचीच बाजू घेणार. उन्हाळाभर गच्चीवर तुमचे बिबडे, आमच्या चादरी वाळवायला जागा नाही.

बऱ्हाटे काकू: बिबडे खाताना तर कोणी तक्रार केली नाही. डबा भरून दिला होता.

देवरे (ए-४०१): हाई काय चालू शे रे भो सकाय पासून

इंगळे काकू (ए-१०३): मधेच विचारते, सॉरी. सुनेला सातवा लागलाय, तिने पण खाल्लं होतं हळदीकुंकवाला. दूध कच्चं होतं का? मला रात्रीपासून धास्ती आहे.

पाटील वहिनी: काकू घाबरू नका. दूध ६३ डिग्रीला अर्धा तास ठेवून मगच मी रेनेट टाकते, कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार येतात म्हणून. आणि ते घट्ट चीज होतं. पण बाहेरचं मऊ, पांढऱ्या बुरशीचं चीज तिला आता देऊ नका, त्यात लिस्टेरिया नावाच्या जंतूची भीती असते आणि पोटातल्या बाळाला ते फार वाईट. डॉक्टरांच्या कानावर पण घाला. मला फोन करायचा ना, रात्री कितीही वाजता.

इंगळे काकू: जीवात जीव आला गं.

सोनवणे सेक्रेटरी: प्लंबर उद्या सकाळी येतोय. खर्च बी विंगमध्ये वाटून.

चौधरी काका: सगळ्यांनी का म्हणून? ज्यांच्यामुळे तुंबली त्यांनी द्यावा.

पाटील वहिनी: चालेल. लाईन उघडताना मी तिथं उभी राहते. माझ्या चीजचं काही निघालं तर सगळा खर्च माझा. दुसरं काही निघालं तर वर्गणी, आणि चीजचं नाव परत घ्यायचं नाही.

(दुसऱ्या दिवशी)

महाजन: लाईन मोकळी झाली. थिजलेलं तेल, चहापत्ती आणि तुपाची बेरी निघाली, बादलीभर. फोटो टाकू का?

सोनवणे सेक्रेटरी: नको, लोकं जेवताहेत. बी विंग, प्रत्येकी १५० रुपये वॉचमनकडे द्या.

बऱ्हाटे काकू: दिले.

पाटील वहिनी: दिले. चौधरी काका?

चौधरी काका: चाळीसगावला लग्नात आहे. आल्यावर बघतो.