हार्ट फेल्युअरमध्ये श्वसनाच्या स्नायूंचा व्यायाम: घरातले तीन चेंडूंचे यंत्र चालेल का?

निशिगंध

माझ्या वडिलांचे वय ६६ असून दोन वर्षांपूर्वी त्यांना हार्ट फेल्युअरचे निदान झाले. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदयाच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला बाहेर ढकलला जाणारा वाटा, ३० टक्क्यांच्या आसपास आहे. औषधे नियमित चालू आहेत, पायांवरची सूज उतरली आहे आणि गेल्या पाच महिन्यांत त्यांना दाखल करण्याची वेळ आलेली नाही. तरीही एक मजला चढला की ते कठडा धरून उभे राहतात, आणि बुटाची नाडी बांधायला वाकले की गाठ अर्धवट सोडून सरळ होतात व श्वास घेतात.

गेल्या आठवड्यात पुनर्वसन विभागात त्यांच्या श्वासाच्या ताकदीची तपासणी झाली. नाकाला चिमटा लावून, श्वास पूर्ण बाहेर सोडायला लावून, बंद नळीतून सगळा जोर एकवटून हवा आत ओढायला सांगितले. पाच-सहा प्रयत्नांतला सर्वांत चांगला आकडा ५२ सेंटिमीटर पाणी (हे दाब मोजण्याचे एकक) इतका आला, आणि या वयाच्या पुरुषाकडून अपेक्षित असलेल्या आकड्याच्या तो जवळपास निम्माच आहे, असे आम्हाला सांगण्यात आले.

आजार हृदयाचा असताना श्वासाचे स्नायू कशामुळे दुबळे होतात? बायपासनंतर दिलेले तीन चेंडूंचे यंत्र घरात पडून आहे, त्यावर सराव केला तर चालेल का? आणि या व्यायामाचा हृदयावर ताण तर येणार नाही ना?

तळटीप

मी हृदयरुग्णांच्या पुनर्वसनाचे काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. वडिलांना तपासल्याशिवाय त्यांच्यासाठी नेमका कार्यक्रम सांगता येणार नाही, परंतु तुमच्या तिन्ही प्रश्नांमागचे कारण समजावून सांगते.

श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वास आत ओढणारा पडदा, हा स्नायू आहे, आणि हार्ट फेल्युअरमध्ये त्याच्यावर दुहेरी संकट येते. फुफ्फुसांत रक्त साठून राहिल्याने ती ताठर होतात, म्हणजे प्रत्येक श्वासाला अधिक जोर लावावा लागतो. आणि नेमक्या त्याच वेळी स्नायूला मिळणारा रक्तपुरवठा तुटपुंजा असतो, शिवाय दीर्घ आजारातली झीज इतर स्नायूंप्रमाणे त्यालाही चुकत नाही. दिवसरात्र जादा राबावे लागत असल्यामुळे श्वासपटलातील तंतू हळूहळू चिवट, न दमणाऱ्या प्रकाराकडे झुकतात, पण एका झटक्यात जोर लावण्याची त्यांची क्षमता घटते. पायांच्या स्नायूंत याच्या अगदी उलट घडते, हे मला शिकताना फार नवलाचे वाटले होते. अपेक्षित आकड्याच्या ७० टक्क्यांहून कमी दाब भरला तर आम्ही साधारणपणे तो स्नायू दुर्बल धरतो. वडिलांचा आकडा त्याच्या बराच खाली आहे.

जिना चढताना पाय का गळून जातात, याचे एक कारणही इथेच सापडते. श्वसनाचे स्नायू थकू लागले की त्यांच्याकडून मज्जासंस्थेला संदेश जातो आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, जणू शरीर पायांचे रक्त काढून श्वासाकडे वळवते. त्यामुळे श्वासपटल बळकट झाले, तर त्याचा फायदा पायांपर्यंत पोहोचतो.

आता यंत्राविषयी. हा गोंधळ मला दर आठवड्याला भेटतो. तीन चेंडूंचे यंत्र शस्त्रक्रियेनंतर फुफ्फुसे नीट फुलावीत यासाठी असते; त्यात हवा सहज आत येते आणि चेंडू केवळ वेग दाखवतात. स्नायूची ताकद वाढवायची तर त्याला ओझे द्यावे लागते. त्यासाठी स्प्रिंगची झडप असलेले उपकरण मिळते, ज्यातून ठरवलेला दाब गाठल्याशिवाय हवा आत शिरतच नाही. सुरुवात सहसा मोजलेल्या कमाल दाबाच्या ३० टक्क्यांपासून करतात. ५२ च्या हिशेबाने ते साधारण १५ ते १६ सेंटिमीटर होतात. दिवसाला २० ते ३० मिनिटे, आठवड्यातून किमान तीन दिवस, निदान आठ आठवडे, असा सर्वसाधारण क्रम असतो, आणि दर सात ते दहा दिवसांनी पुन्हा मोजून ओझे वाढवतात. पुन्हा मोजणे टाळले, तर स्नायू पुढे जातो आणि ओझे मात्र तिथेच राहते.

ताणाविषयी: प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांत हा व्यायाम सहसा चांगला सोसतो. मात्र फुफ्फुसाभोवती हवा साठण्याचा त्रास नुकताच झालेला असेल, कानाचा पडदा फाटलेला असेल, डोळ्याची शस्त्रक्रिया अलीकडेच झाली असेल किंवा बरगडी मोडलेली असेल, तर डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय सुरुवात करू नये.

एक गोष्ट मला खटकली. वाकल्यावर लागणारी धाप स्नायूंच्या खाती टाकून मोकळे होऊ नका. वाकल्याने हृदयातील आधीच वाढलेला दाब आणखी वाढतो, आणि पायांवर सूज नसतानाही ते शरीरात पाणी साठल्याचे चिन्ह असू शकते. उपकरण घेण्याआधी हे हृदयरोगतज्ज्ञांना सांगा.

दुसरी इनिंग

मी स्वतः रुग्ण आहे आणि हा व्यायाम बारा आठवडे केला आहे, म्हणून केवळ अनुभव लिहितो. माझा आकडा ६० होता व सुरुवात १८ वर झाली. टेबलावर कोपरे टेकवून, खांदे सैल सोडून बसायचे, नाकाला चिमटा लावायचा, आणि ओठ नळीभोवती घट्ट मिटायचे. दाब गाठला की झडप उघडून फुस्स असा आवाज येतो. आवाज आला नाही तर तो श्वास मोजायचा नाही, असा माझा नियम होता. पहिल्या आठवड्यात मी घाईघाईने श्वास घेत होतो, त्यामुळे डोके हलके व्हायचे आणि बोटांना मुंग्या यायच्या. श्वास सोडायला दुप्पट वेळ दिल्यावर तो त्रास थांबला. खांदे वर उचलले जात आहेत का, हे पाहायला पत्नीला समोर बसवत असे. तिने ते काम जरा जास्तच मनावर घेतले, हा भाग वेगळा.

एक चूक मात्र सांगायला हवी. सहाव्या आठवड्यात तीन दिवसांत माझे वजन दोन किलोंहून अधिक वाढले आणि आडवे होताच धाप लागत असल्याने रात्री दुसरी उशी लागू लागली, तरी ‘सराव बुडायला नको’ म्हणून मी ओढत राहिलो. चौथ्या दिवशी दाखल व्हावे लागले. ते वजन पाण्याचे होते, आणि त्या अवस्थेत व्यायाम बंद ठेवून डॉक्टरांना फोन करणे एवढेच माझे काम होते.

काटेकोर

वरील माहिती योग्य आहे, परंतु अपेक्षा नेमकी असावी म्हणून थोडी भर घालतो. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे येथील संशोधकांनी २००६ साली, श्वसनस्नायू दुर्बल असलेल्या ३२ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना बारा आठवडे रोज ३० मिनिटे खरे ओझे दिले गेले आणि निम्म्यांना तसेच उपकरण, पण ओझ्याविना. खऱ्या गटात श्वासाची ताकद दुपटीहून अधिक झाली आणि व्यायामातील प्राणवायूचा कमाल वापर १७ टक्क्यांनी वाढला. हा परिणाम मोठा आहे, पण रुग्ण ३२ होते, आणि ते सगळे निवडूनच दुर्बल स्नायूंचे घेतलेले होते. ज्यांची ताकद मुळात चांगली आहे, त्यांना इतका फायदा होईल असे यावरून म्हणता येत नाही. म्हणून आधी मोजणे महत्त्वाचे, आणि ते तुम्ही केलेच आहे.

तुलनेसाठी, चालणे व सायकल यांसारख्या व्यायामाची २००९ साली प्रसिद्ध झालेली मोठी चाचणी २,३३१ रुग्णांवर झाली होती. त्यामुळे श्वसनाचा व्यायाम हा चालण्याला पर्याय धरू नये, जोड धरावी. जे आज चार पावलांत थांबतात, त्यांना मात्र तो चालण्याकडे नेणारी पायरी ठरू शकतो. या सरावाने इजेक्शन फ्रॅक्शन वाढेल अशी आशाही ठेवू नका. बदल शोधायचाच असेल तर सहा मिनिटांत किती मीटर चालता येते, ते पाहा.

निशिगंध

सर्वांचे मनापासून आभार. तळटीप यांनी लक्षात आणून दिल्यावर वाकण्याच्या धापेची गोष्ट डॉक्टरांना सांगितली. त्यांनी पाण्याच्या गोळीचा डोस वाढवला, आणि आठवडाभरात वजन दीड किलोने उतरले. नाडी आता एका दमात बांधून होते, जिन्यावरचे थांबणे मात्र तसेच आहे. पुढच्या सोमवारी ताकद पुन्हा मोजून मगच झडपेचे ओझे ठरवणार आहेत. चेंडूंचे यंत्र कपाटात ठेवून दिले. वडिलांनी वजनकाट्याशेजारी वही ठेवली आहे आणि कालपासून त्यांनी त्यात एक रकाना स्वतःच आखला आहे: ‘उश्या किती’.