मदत हवी आहे: मन मोकळं होतं, पण एकजूट होत नाही

आमचा कामगार स्त्रियांचा छोटा गट दर आठवड्याला भेटतो. पूर्वी मान वर करून न बोलणारी आता सुपरवायझरला "हजेरी दाखवा" म्हणते. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. पण प्रत्येकीची लढाई एकटीचीच राहते. एकीची मजुरी कापली तेव्हा बाकीच्या हळहळल्या, सोबत मात्र कुणी गेलं नाही.

१९६८च्या सुमारास न्यूयॉर्कमधले स्त्रीगट वापरत ती पद्धत करून पाहिली: एकच प्रश्न, प्रत्येकीने पाळीपाळीने आपला अनुभव सांगायचा, मग त्यात समान काय ते शोधायचं. समान धागा सापडतो, पण तिथेच बैठक संपते. बाहेरून वक्ताही बोलावला. सगळ्या नुसत्या ऐकत बसल्या.

युनियनचा पर्याय आज तरी नको, काम जाण्याची भीती खरी आहे. वेळ तासभरच मिळतो, काहींना लिहिता-वाचता येत नाही.

असे गट चालवलेल्यांना विचारायचंय: सगळ्यांना झेपेल अशी पहिली एकत्र कृती त्यांची त्यांनाच ठरवता यावी, यासाठी बैठकीत नेमकं काय करता? आणि ज्यांची अजून तयारी नाही, त्यांना न दुखावता सोबत कसं ठेवता?